नागपूर-मुंबई फ्लाइट: ६८० किलोमीटरला दीड तास काऊन लागते?

अजनीची_पोट्टी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपटासारखा वाटेल पण आमच्या घरी चार दिवसांपासून याच्यावरून महाभारत सुरू आहे म्हणून विचारून राहिली.

माझे बाबा रेल्वेतून रिटायर झाले, अजनी शेडला लोको पायलट होते, पस्तीस वर्षं गाड्या चालवल्या, आता वय ७१. आयुष्यात विमानात बसले नाहीत. जानेवारीत ठाण्याला भावाकडे बारसं आहे, आईचे गुडघे गेलेत, रात्रभराचा प्रवास आणि बर्थवरची चढउतार नको म्हणून मी दोघांचं सकाळच्या फ्लाइटचं तिकीट काढलं. तिकिटावर लिहिलंय सकाळी ७:०० ते ८:३५. बस, बाबांनी ते पाहिलं आणि कॅलेंडरच्या मागे पेन घेऊन बसले.

त्यांचा हिशोब असा, की नागपूर ते मुंबई हवाई अंतर ६८० किलोमीटर (हे मीच मोबाइलवर काढून दिलं, माझीच चूक), विमान चालते ८०० च्या वर, म्हणजे झाले ५० मिनिटं, मग ९५ मिनिटं काऊन लिहिली? वरची ४५ मिनिटं कुठी गेली? त्यांचं म्हणणं की कंपनीवाले मुद्दाम वेळ फुगवून सांगतात, म्हणजे लेट झालं तरी टाइमावर आलं म्हणायला मोकळे. आणि वरून कहर म्हणजे येतानाच्या तिकिटावर ६:४० ते ८:०० आहे, म्हणजे एक तास वीस मिनिटं. "अंतर तेच, विमान तेच, मग येताना पंधरा मिनिटं कमी कशी? मुंबईहून नागपूर उतार आहे का?" असं विचारून राहिले. मी काय सांगू, मी बँकेत आहे.

तर कोणाला नीट माहीत असेल तर सांगा. आणि सातच्या फ्लाइटला अजनीहून किती वाजता निघावं तेही. पाचला निघू म्हणते तर बाबा म्हणतात तीनला उठा, गाडी सुटली तर कोण जबाबदार.

वर्धा_रोडवाला

ताई काकांचं बरोबर आहे, उडायला ५० मिनिटंच लागतात, बाकीची ४५ लोकाईले वरच्या कप्प्यात ब्यागा कोंबायला लागतात 😄

सोनेगावचा_रॅम्पवाला

मी आठ वर्षं एअरपोर्टवर ग्राउंडचं काम केलंय, सामान चढवण्यापासून विमान ढकलण्यापर्यंत सगळं, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसतेच. ७:०० म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलायची वेळ, दरवाजे बंद झाले, चाकाखालचे ठोकळे काढले, ट्रॅक्टरनं मागे ढकललं, ते ७:००. आणि ८:३५ म्हणजे मुंबईत जागेवर जाऊन उभं राहायची वेळ, चाकं जमिनीला टेकली ती नाही. मधी काय काय होते पाहा, मागे ढकलल्यावर इंजिन सुरू करतात त्यात तीन-चार मिनिटं जातात, मग रनवेच्या टोकापर्यंत चालत जायचं, कोणी उतरून राहिलं असेल तर थांबायचं, आपल्या इथं दहा मिनिटं धरा. मुंबईला उतरल्यावर जागेपर्यंत जायला पुन्हा दहा-बारा, जागा रिकामी नसली तर आणखी. म्हणजे वीस-बावीस मिनिटं तर जमिनीवरच गेली ना.

दुसरं, वेळ फुगवतात हे काकांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही हं. थोडा पदर सगळेच ठेवतात. आपल्याकडे १५ मिनिटांच्या आत आलं तर ते वेळेवर धरलं जाते, आणि वेळेवर किती आले याचे आकडे दर महिन्याला छापून येतात, मग कोणती कंपनी काठोकाठ वेळ लिहील? पण ४५ मिनिटं फुगवत नाहीत, पाच-दहा असेल. विमान रिकामं उभं ठेवणं त्यांनाच परवडत नाही.

निघायचं म्हणाल तर बहुतेक कंपन्यांचं काउंटर ६० मिनिटं आधी बंद होते आणि गेट २५ मिनिटं आधी. अजनी चौकातून सरळ वर्धा रोड, पहाटे रस्ता मोकळा, वीस मिनिटंही लागत नाहीत. पाचला निघा. त्या वेळी मेट्रो मिळत नाही, ऑटो नाहीतर कॅब रात्रीच सांगून ठेवा. आणि आईंसाठी तिकिटावरच व्हीलचेअर मागून ठेवा आताच, तिथं गेल्यावर मागितली तर मिळते पण थांबावं लागते. लाजू नका म्हणा, चालता येते तरी घ्या, मुंबईला खूप चालावं लागते.

ढगात_डोकं

रॅम्पवाले भाऊंनी जमिनीवरचं सांगितलं, मी हवेतलं सांगतो. कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, सवय जात नाही, थोडं लांबेल.

काकांचा हिशोब कुठे चुकतो, तर ते विमान पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत ८०० नं पळतंय असं धरतात. त्यांना एकच विचारा, दुरांतो १३० ची गाडी आहे, नागपूर ते सीएसएमटी रुळानं ८३७ किलोमीटर, भागाकार करा, साडेसहा तास येतात. मग रात्री पावणेनऊच्या सुमारास सुटून सकाळी आठला का पोचवायचे तुम्ही? सरासरी पडते ७२-७३ ची. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते.

विमानाचंही तसंच. एअरबस ३२० धरलं तर वर पोचल्यावर साधारण ८३० चा वेग. पण ३३-३४ हजार फुटांवर चढायला वीस मिनिटं लागतात आणि त्यात २०० किलोमीटर संपतात, आणि तो वेग हळूहळू वाढत गेलेला असतो. १० हजार फुटांच्या खाली तर ४६० च्या वर जायची परवानगीच नसते, गावातून जाताना रेल्वेत कॉशन, म्हणजे वेग कमी ठेवायची सूचना, लागलेली असते ना तसं समजा. उतरायचं म्हटलं तर वैमानिकांचा एक ठोकताळा असतो, उंची जितके हजार फूट त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला सुरुवात करायची. ३४ हजार फूट म्हणजे शंभर सागरी मैल, म्हणजे १८५ ते १९० किलोमीटर आधीपासूनच खाली यायला लागते, आणि खाली येताना वेग कमी कमी. म्हणजे ६८० मधले चढायला २००, उतरायला १९०, उरले किती? तीनशेच्या आत. ज्या ८०० च्या वेगावर काकांनी सगळा हिशोब मांडला तो वेग फक्त वीस-बावीस मिनिटं मिळतो!

आता बेरीज करा. चढायला २०, वर २२, उतरायला २५, हे ६७. त्यात ६८० हे सरळ रेषेतलं अंतर, विमान काही सरळ रेषेत जात नाही, ठरलेल्या मार्गावरून ठरलेल्या बिंदूंवरून जाते. आपल्या सोनेगाव विमानतळाचा रनवे आग्नेय-वायव्य आहे, १४ आणि ३२ असे त्याचे नंबर, म्हणजे १४० अंश आणि ३२० अंश. मुंबई आहे जवळपास पश्चिमेला. म्हणजे कुठूनही उडा, वळावं लागतेच. उमरेडकडे तोंड करून उडालात तर जास्त, काटोलकडे तोंड असेल तर थोडं कमी. ही वळणं धरून आणखी पाच मिनिटं. झाले ७२. त्यात जमिनीवरची वीस-बावीस टाका, ९२ ते ९४. तिकिटावर ९५.

उताराचं म्हणाल तर उलट आहे काका 😀 मुंबईचं विमानतळ समुद्रापासून जेमतेम १०-१२ मीटर वर आणि आपलं ३१५ मीटर. येताना चढ आहे. तरी वेळ कमी लागतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, उत्तर भारतावर तर त्याचा मोठा झोत असतो, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आपल्याकडे त्याची कड येते. समजा ताशी १०० चा वारा आहे. जाताना समोरून, म्हणजे जमिनीच्या हिशोबानं वेग ८३० चा ७३०, येताना मागून, म्हणजे ९३०. पण गंमत अशी की आपल्या अंतरात त्या वेगानं जायचे किलोमीटरच तीनशे, त्यामुळे फरक पडतो पाचेक मिनिटांचा, चढउताराचे धरून सात-आठ. बाकीचा फरक मुंबईच्या गर्दीचा असावा. कोलकात्याला किंवा त्याहून लांब गेलात तर हा वारा चांगलाच जाणवतो.

आणि पावसाळ्यात दक्षिणेकडे हाच प्रकार उलटा असतो, तेव्हा वर पूर्वेकडून पश्चिमेकडे झोत वाहतो. तो आपल्याच एका हवामानशास्त्रज्ञांनी, पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली मांडला. हे विषयांतर झालं, पण शाळेत कोणी सांगत नाही म्हणून.

अजनीची_पोट्टी

बापरे सर, तुमचा मेसेज मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला, दुरांतोपाशी आले तेव्हा ते एकदम गप्प झाले आणि आई हसायला लागली. मग म्हणाले पुढं वाच.

आता त्यांचं उत्तर, मी फक्त टाइप करून राहिली: "पदर आम्हीपण ठेवत होतो, शेवटच्या दोन स्टेशनांच्या मधी टाइमटेबलमधी जास्तीचे मिनिटं असतात, म्हणूनच दहा मिनिटं लेट गाडी टाइमावर टेकते, हे मला शिकवू नका. पण गाडीला पुढं गाडी असते, सिग्नल असते, रूळ एकच असते. आकाशात कोणता रूळ आहे? तिथं गर्दी कशाची?"

मला पण हे नाही समजलं खरं.

सध्या_मुंबईत

मी धंतोलीचा, गेली नऊ वर्षं मुंबईत, महिन्या-दोन महिन्यानं ये-जा असते म्हणून अनुभवाचं सांगतो.

काकांना सांगा आकाशात रूळ नाही पण खाली टेकायची जागा एकच आहे. मुंबईला रनवे दोन आहेत, एक पूर्व-पश्चिम, मोठा, आणि दुसरा तिरपा, पण ते एकमेकांना मधोमध कापतात. म्हणजे एकावर विमान असलं तर दुसऱ्यावर सोडता येत नाही. आता काका अजनीचे म्हणजे त्यांना हे एका ओळीत समजेल: मुंबईचं विमानतळ म्हणजे आपलं डायमंड क्रॉसिंग. हावड्याच्या लाइनीची गाडी जात असली की दिल्लीच्या लाइनीवाल्यानं उभं राहायचं. त्यामुळे व्यवहारात मुंबई एकाच रनवेवर चालते आणि त्या एका पट्टीवर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. तासाला चाळीसच्या वर. दीड मिनिटाला एक धरा. सकाळी आठ-साडेआठला तर विचारू नका, सगळ्या देशातून सकाळी सहा-सातला निघालेले तेव्हाच पोचून राहिले असतात, दिल्लीवाले, बेंगळुरूवाले, आणि आपले.

मग काय करतात, तर आधीपासूनच वेग कमी करायला सांगतात, नाहीतर लांबून वळवून आणतात, नाहीतर एका जागी वरच्यावर गोल गोल फिरवतात. अंडाकृती चक्कर असते ती, एक मारायला चार-पाच मिनिटं लागतात. आउटरला गाडी उभी करतात ना, तेच, फक्त विमानाला उभं राहता येत नाही म्हणून ते फिरत बसते. मी एकदा चार चक्करा मोजल्या होत्या, खाली तोच तलाव चार वेळा दिसला, बाजूचा माणूस झोपेतून उठून विचारतो आलं का, म्हटलं आलं आहे पण उतरू देऊन नाही राहिले.

दुसरं महत्त्वाचं, तिकीट पुन्हा एकदा पाहा. आता मुंबईला दोन विमानतळ झालेत, नवी मुंबईचं डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. तिकिटावर जुन्याला बीओएम असतं, नव्याला एनएमआय. कोणाचं पनवेल-खारघरला घर असेल तर नवीन सोन्यासारखं, पण भाऊ ठाण्याला कुठे राहतो त्यावर बघा. माझ्या ओळखीच्या एकानं न पाहता बुक केलं आणि घ्यायला आलेला साडू जुन्या विमानतळावर उभा.

आणि ठाण्याचं खरं सांगू का ताई, साडेआठला उतरलात, सामान घेऊन बाहेर पडायला सव्वानऊ, तिथून ठाणे ऐन ऑफिसच्या वेळेला, सव्वा तास ठेवा. विमानात बसले तेवढाच वेळ कॅबमध्ये बसतील. फरसाण-बिस्कीट जवळ असू द्या.

समृद्धीवीर_३१

एवढा वेळ चर्चा करण्यात गेला तेवढ्यात कारनं शिर्डीपर्यंत पोचून जाते माणूस 😂 समृद्धी आहे ना भाऊ. शिवमडक्यापासून चढा, ७०१ किलोमीटर, सरळ आमण्यापर्यंत, तिथून ठाणे कितीक लांब आहे? जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, इगतपुरी ते आमणे ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा राहिला होता तोही झाला. कारला १२० ची मर्यादा, आठ तासात घरच्या दारात. ना काउंटर, ना गेट, ना आकाशात चक्करा. आईंना पाहिजे तिथं थांबता येते.

सोनेगावचा_रॅम्पवाला

वीरभाऊ, गुडघे गेलेल्या बाईला आठ तास कारमध्ये बसवायचं म्हणता? आणि चालवणार कोण, ७१ वर्षांचे काका? सरळ रस्त्यावर एकच वेग धरून चाललं की डोळा लागतो, हे समृद्धीवर किती जणांना भोवलं ते आपण पेपरात वाचतोच. तुम्ही जा, आम्हाला काही म्हणणं नाही.

बाकी तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. दारापासून दारापर्यंत मोजलं तर विमानाचेही पाच-साडेपाच तास होतात. पाचला निघाले, साडेदहाला ठाण्याला. त्यातला उडायचा वेळ सव्वा तास.

समृद्धीवीर_३१

तेच म्हणून राहिलो मी. साडेपाच आणि आठ. फरक किती? अडीच तास. आणि दोन तिकिटांचे पैसे?

ढगात_डोकं

आणि डिझेलचे? टोलचे? परतीचे? वीरभाऊ, चार जण असाल तर कार, दोन असाल तर विमान, आणि झोप लागत असेल तर दुरांतो. भांडण संपलं.

जुनी_शुक्रवारी

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचतो. पण काका रेल्वेचे आहेत म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटली, त्यांना आवडेल.

आज आपण नागपूरहून मुंबईला किती वेळ हे विचारतो. एके काळी सगळ्या देशाची विमानं रात्री नागपूरला भेटायला यायची. नाइट मेल म्हणायचे. जानेवारी १९४९ ला सुरू झालं, तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या पुढाकारानं. संध्याकाळनंतर मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार टोकांहून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं, मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला उतरायची. इथं थैल्यांची अदलाबदल, मुंबईच्या विमानातली मद्रासची थैली मद्रासच्या विमानात, दिल्लीची कलकत्त्याच्या, असं सगळं मांडून झालं की पहाटेपूर्वी चारही परत. सकाळी ज्याचं त्याचं टपाल ज्याच्या त्याच्या गावी. प्रवासीही असायचे त्यात. १९७३ पर्यंत चाललं हे.

नागपूरच का? तर हेच अंतराचं गणित. मोबाइलवर काढून पाहा. मुंबई ६८०, दिल्ली ८५५, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५. चारही हजाराच्या आत. या चारपैकी कोणत्याही गावाहून मोजलं तर एखादं तरी दीड हजारावर जाते. तेव्हाची डाकोटा विमानं तासाला पावणेतीनशेच्या आसपास चालायची, म्हणजे मुंबईहून अडीच-पावणेतीन तास, कलकत्त्याहून साडेतीन-चार. एका रात्रीत येऊन जाऊन होईल असं हे ठिकाण. झिरो माइलच्या दगडाचं आपण कौतुक करतो, १९०७ चा आहे तो, त्याच्यावर बैतुल, छिंदवाडा, जबलपूर, हैदराबाद असे मैल कोरलेत. पण देशाच्या मधोमध असण्याचा खरा उपयोग त्या टपालवाल्यांनी करून घेतला असं मला वाटते.

माझे वडील तेव्हा टपालात होते, रात्रपाळीला सोनेगावला जायचे सायकलनं. थंडीत थैल्यांवर बसून चहा प्यायचे आणि आवाजावरून सांगायचे म्हणे की आता आलं ते मद्रासचं की कलकत्त्याचं. खरं-खोटं देव जाणे, विमानं तर सगळी सारखीच. पण कोण आधी आलं कोण मागाहून, याच्यावर चहाची पैज लागायची आणि वाऱ्याचं वर ढगात सरांनी सांगितलं ना, ते त्या लोकांना पुस्तक न वाचता माहीत होतं. थंडीत मुंबईवालं आधी आणि कलकत्तावालं मागाहून.

वर्धा_रोडवाला

काका हे जबरदस्त होतं. सोनेगावच्या एवढ्या जवळ राहून मला हे माहीत नव्हतं, लाज वाटली.

आखाती_संत्रा

वेळेवरून आठवलं म्हणून. मी दोह्याला असतो, नागपूरहून थेट फ्लाइट आहे. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा तिकीट पाहिलं, पहाटे ४ ला निघून सकाळी ६ ला पोचते असं काहीसं होतं, तर सगळ्या मोहल्ल्यात सांगून आल्या, जावई अमरावतीपेक्षा जवळ राहतो, दोन तासात पोचते. अहो दोन्हीकडची घड्याळं वेगळी, दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, खरे लागतात साडेचार तास, अंतर २८०० किलोमीटरच्या वर. आणि परत जाताना उलटं, सकाळी निघालं तर संध्याकाळ होते, तेव्हा म्हणाल्या जाताना जवळ आणि येताना दूर कसं? अजनीच्या काकांचाच प्रश्न. फक्त इथं वाऱ्यापेक्षा घड्याळाचा हात जास्त.

देशातल्या देशात हा घोळ नाही, पण एक पाहत जा, तिकिटावर विमान कोणतं आहे. पंख्याचं एटीआर असेल तर ते ५०० च्या आसपासच चालते, तेवढ्याच अंतराला जास्त वेळ दाखवलेला दिसेल. काही फुगवलेलं नसते.

अजनीची_पोट्टी

मंडळी, उशीर झाला उत्तराला, बारसं छान झालं, कालच रात्री परत आले दोघं. विमानतळावर पाचला निघायचं ठरलं होतं, बाबा साडेतीनला बूट घालून सोफ्यावर बसले होते. व्हीलचेअरबद्दल रॅम्पवाले भाऊंचे खूप आभार, आई आधी नाही नाही करत होती, मुंबईला उतरल्यावर म्हणाली बरं झालं बाई.

आता मुख्य गोष्ट. बाबांनी ड्यूटीची जुनी डायरी सोबत नेली होती आणि सगळं लिहून आणलंय, घड्याळ आदल्या रात्री रेडिओशी मिळवून. जशीच्या तशी देते.

जाताना: जागेवरून हललं ६:५६. उडालं ७:०७. "चढ संपल्यासारखा वाटला" ७:२८. "कान दडपले, उतार सुरू" ७:४९. त्यापुढे लिहिलंय "आउटर, एक फेरी, खाली खाडी दोनदा पाहिली". चाकं टेकली ८:२१. उभं राहिलं ८:३३. बाजूला बेरीज, जमिनीवर २३ मिनिटं, हवेत ७४. आणि चढ संपल्यापासून उतार सुरू होईपर्यंत बरोबर २१ मिनिटं, याच्याखाली दोन रेघा मारल्यात आणि लिहिलंय "मास्तर बरोबर". सर, हे तुमच्यासाठी.

येताना: हललं ६:३८, उडालं ६:५७. म्हणजे १९ मिनिटं नुसते रांगेत, पुढं सात विमानं मोजली त्यांनी. टेकलं ८:००, उभं राहिलं ८:०५. हवेत ६३, म्हणजे जातानापेक्षा ११ मिनिटं कमी. पण तिकिटावर ८:०० होतं ना, म्हणजे पाच मिनिटं लेट आलं. बाबांचा आनंद गगनात मावेना, "हवेत कमावलं ते डायमंडवर घालवलं, आणि हे पाच मिनिटं लेट कुठंच मोजणार नाहीत, पंधराच्या आत आहे." म्हणजे शेवटी फुगवाफुगवीवरचा त्यांचा मुद्दा त्यांनी सोडला नाहीच.

जुनी शुक्रवारीवाल्या काकांची नाइट मेलची गोष्ट त्यांनी ठाण्याला सगळ्या पाहुण्यांना सांगितली, बाळाचं नाव ठेवायच्या आधी.

सध्या_मुंबईत

एकोणीस मिनिटं म्हणजे नशीब चांगलं होतं. काकांना म्हणा पुढच्या महिन्यात मी येऊन राहिलो, मीपण लिहून आणतो, ताळा करू.

अजनीची_पोट्टी

नका हो त्यांना चढवू. काल मी त्यांना ते विमानं दिसायचं ॲप टाकून दिलं मोबाइलमध्ये. तेव्हापासून गच्चीवर खुर्ची टाकून बसलेत, आपल्या डोक्यावरून मुंबई-कोलकाता जाते, दिल्ली-चेन्नई जाते, प्रत्येकाचा टाइम डायरीत. आता ओरडून सांगून राहिले की मुंबईवालं चार मिनिटं आधी आलं, आणि चहा वर आणून दे.